मुक्या जिवाची जबाबदारी

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण. विहार समितीच्या आग्रहावरून वक्त्यांनी ते स्मरणिकेसाठी लिहून दिले. वक्ते जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून व्रणोपचारक या पदावरून निवृत्त झाले आहेत.)



मी काही वक्ता नाही. उभा जन्म गुरांच्या दवाखान्यात गेला. व्रणोपचारक हा शब्द आजच्या पोरांना माहीत नसेल. डॉक्टरसाहेबांच्या हाताखाली जखमा धुणारा, मलमपट्टी करणारा, बैलाला खोड्यात धरून ठेवणारा माणूस म्हणजे व्रणोपचारक. आमचे पेशंट बोलत नाहीत, त्यामुळे आम्हालाही बोलायची सवय राहिली नाही.

सचिव साहेब घरी आले आणि म्हणाले, "काका, यंदा तुम्ही दोन शब्द बोला." मी विचारले, विषय कोणता? तर म्हणाले, "तुमच्या कुत्र्यावरच बोला." मला वाटले थट्टा करतात. पण ते गंभीर होते. गेल्या पावसाळ्यात आपल्या ले-आऊटमध्ये कुत्री चावण्याचे दोन-तीन प्रकार झाले. अर्धे लोक म्हणाले विष घाला, अर्धे म्हणाले हात लावू देणार नाही, आणि याच विहाराच्या ओट्यावर आपण हमरीतुमरीवर आलो. म्हणून मी हो म्हटले. मला कुणाची बाजू घ्यायची नाही. एका कुत्र्याचे काय झाले तेवढे सांगतो.

गोष्ट मे २०२२ ची. माझी लेक अकोल्याला दिली आहे. मी तिच्याकडे गेलो होतो. अकोल्याचा मे महिना कसा असतो हे वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. पारा ४५ अंशांच्या घरात, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही. लेकीच्या घरामागे एका बंद घराच्या जिन्याखाली एक कुत्रे बांधलेले होते. घरचे लोक बदली होऊन परगावी गेले आणि ते तिथेच राहिले. शेजारचे कुणीतरी एक-दोन दिवसांआड शिळी पोळी टाकायचे. पाण्याचे भांडे होते, पण ते पालथे. साखळी एवढी आखूड की जिन्याची सावली सरकली तरी त्याला सरकता येत नव्हते.

मी जवळ गेलो. अंगभर लूत, केस गळून कातडी हत्तीसारखी झालेली. बरगड्या मोजून घ्याव्या. कानात गोचिडांचे घोस. आणि मानेजवळ घाण वास. हा वास मला ओळखीचा होता. साखळीच्या आत अजून एक नायलॉनची बारीक दोरी होती. पिल्लू असताना कुणीतरी बांधलेली. पिल्लू वाढले, दोरी कुणी सोडली नाही. ती मांसात रुतली, वरून कातडी चढली आणि आत अळ्या पडल्या. ते कुत्रे माझ्यावर भुंकले नाही. भुंकण्याची ताकदच राहिली नव्हती.

नोकरीत बैलांच्या दाव्याच्या जखमा मी शेकड्यांनी धुतल्या आहेत. पण बैलाचा मालक उसनेपासने करून का होईना, बैलाला दवाखान्यात आणायचा. बैल बसला तर पेरणी बुडते. कुत्र्यावाचून कुणाचे काही बुडत नाही, म्हणून त्याला कुणी आणत नाही. हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले, असे नाही. पण नोकरीत असताना 'आपले काम गुराढोरांचे' असे म्हणून मी पुष्कळदा पुढे गेलो होतो. त्या दिवशी मी रिटायर होतो, सबब सांगायला जागा नव्हती.

जावयाने मालकाला फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "न्या ना, आमच्या मागचं झेंगट जाईल." बस्स, एवढ्यात मालकी संपली.

आम्ही त्याच्या तोंडाला सुती पट्टी बांधली, गोणपाटावर घेतले आणि अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्थेच्या दवाखान्यात नेले. आपल्या वऱ्हाडातली ही मोठी सोय आहे. नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली ती चालते. तिथल्या डॉक्टरांनी भूल देऊन दोरी कापली, अळ्या काढल्या, कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली लुतीचा किडा पाहिला. आठ-दहा दिवस लेकीकडे ठेवून पट्ट्या केल्या आणि मग एका ओळखीच्या छोट्या हत्तीत बसवून मूर्तिजापूर-बडनेरामार्गे अमरावतीला आणले.

खरी अडचण पुढेच होती. दारात माझी माय उभी. वय ऐंशीच्या पुढे. कुत्र्याकडे पाहून ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत सांगतो. ती म्हणाली, "काऊन आनलं रे हे? आमच्या गावात कुत्रं खुशाल पाटलाच्या ओसरीत जाये. आमाले हिरीवर जाऊ देत नव्हते. आमची सावली पडली तं भांडं घासत. कुत्र्याच्या खालती ठेवलं आमाले. अन् तू त्याच कुत्र्याले घरात आनतं?"

मित्रहो, मी खाली मान घातली. तिचे म्हणणे खोटे होते काय? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले, तेव्हा प्रश्न हाच होता. ज्या तळ्यावर गुरेढोरे, कुत्री-मांजरी बिनदिक्कत पाणी पितात, तिथे माणसाला बंदी का? त्याच वर्षी नोव्हेंबरात बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली आपल्या अमरावतीत वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न तिच्यापुढे होता. आपल्या समाजात 'कुत्रा' हा शब्द नुसता प्राण्याचा नाही. त्याच्यामागे अपमानाचा इतिहास आहे. ज्यांनी तो भोगला त्यांना 'प्राण्यांवर दया करा' असे शहाणपण शिकवणे मला पटत नाही.

पण मी रात्रभर विचार केला. आपल्या बापजाद्यांना हीन लेखले ते माणसांनी. कुत्र्याने कुणाला विहिरीवरून हाकलले नाही, ग्रंथ लिहिला नाही, सावली मोजली नाही. उलट गावकुसाबाहेरच्या आपल्या वस्तीत, आपल्याच उकिरड्यावर, आपल्यासारखेच उरलेसुरले खाऊन ते जगले. मग राग कुणावर काढायचा?

सकाळी नातवाने एक पुस्तक आणले. त्यात राजगृहावरचा १९३४ चा फोटो आहे, आपण सर्वांनी पाहिलेला. बाबासाहेब, माता रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई, मुकुंदराव, आणि खाली एक कुत्रा. त्याचे नाव टॉबी. माय फोटो डोळ्याजवळ नेऊन बराच वेळ पाहत राहिली. "बाबासायबापाशीबी कुत्रं व्हतं काय?" एवढेच म्हणाली. नातवाने लगेच नाव ठेवून टाकले, टॉबी. मायने होकार दिला नाही, पण दुपारी पाण्याचे टोपले तिनेच भरून ठेवले.

आता थोडे कामाचे सांगतो, कारण पुष्कळ लोक चांगल्या मनाने चुका करतात.

पहिली चूक खाण्याची. उपाशी जनावर पाहून आपण पातेले भरून पुढे ठेवतो. खंगलेल्या जिवाला एकदम पोटभर अन्न सोसत नाही, कधी कधी जिवावर बेतते. थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा द्यावे. मऊ भात, उकडलेले अंडे, बिनमसाल्याच्या वरणात कुस्करलेली भाकर. दूध पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना पचत नाही, हगवण लागते. शिजवलेली हाडे टोकदार फुटतात आणि आतडे फाडतात. कांदा, चॉकलेट, द्राक्षे, मनुका तर द्यायच्याच नाहीत.

दुसरी चूक लुतीवरच्या इलाजाची. आपल्याकडे गॅरेजमधले जळलेले ऑईल चोपडतात. कुत्रे ते चाटते, कातडीतूनही ते अंगात भिनते, आणि लूत राहते बाजूला, जनावर दगावते. आज लुतीवर खात्रीची औषधे आहेत, पण वजन पाहून, डॉक्टरच्या सल्ल्यानेच. काही लूत माणसालाही खाज आणते, म्हणून हात साबणाने धुवावेत आणि लेकरांना काही दिवस दूर ठेवावे. बरे व्हायला दीड-दोन महिने लागतात. मध्येच थांबले की ती परत येते.

तिसरी चूक घाईची. घरात आणले की सगळे गोळा होतात, डोक्यावरून हात फिरवतात, फोटो काढतात. ज्याला माणसाच्या हातून दोरीच मिळाली, त्याला तो हात पुन्हा दोरीचाच वाटतो. मी त्याला मागच्या अंगणात कोपरा दिला, तरटाचे अंथरूण दिले आणि तोंड दुसरीकडे करून नुसता बसू लागलो. पेपर वाचायचा, चहा प्यायचा, त्याच्याकडे पाहायचे नाही. पहिले चार दिवस तो भिंतीला चिकटून होता. पाचव्या दिवशी माझी चप्पल हुंगून गेला.

आणि आता माझी स्वतःची चूक. तिसऱ्या आठवड्यात, तो खात असताना, मी त्याचे टोपले सरकवायला हात घातला. ज्याने महिनोन्‌महिने भूक काढली त्याच्या पुढचे अन्न ओढले मी, आणि तेही या धंद्यातला माणूस असून. त्याने हात फोडला. रक्त आले. मी पंधरा मिनिटे नळाखाली साबणाने जखम धुतली आणि सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शनाचा कोर्स सुरू केला.

घरात मात्र वातावरण बदलले. पत्नी म्हणाली, "आज तुमाले चावलं, उद्या नातवाले चावन." शेजारीही म्हणू लागले, सोडून या कुठेतरी. मी डगमगलो. हे कबूल करायला आज लाज वाटते, पण सांगतो. दुसऱ्या दिवशी ऑटो केला, टॉबीला पायाशी बसवले आणि वलगावकडे निघालो. पेढी नदीच्या पुलापलीकडे कुठे तरी सोडून द्यायचे ठरवले होते.

पुलाजवळ ऑटो थांबवला. ही जागा कोणती, हे अमरावतीच्या माणसाला माहीत आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर अवघ्या १४ दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ ला, इथेच गाडगेबाबांनी देह ठेवला. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा ज्यांनी बाबासाहेबांच्या संस्थेच्या स्वाधीन केली, ते गाडगेबाबा. भुकेल्याला अन्न, बेघराला आसरा आणि मुक्या प्राण्यांना अभय, ही त्यांची शिकवण आपल्या जिल्ह्यातल्या शाळांच्या भिंतींवर लिहिलेली असते. मी ती शेकडो वेळा वाचली होती. ऑटोवाला पोरगा म्हणाला, "काका, सोडता तं सोडा. पन हे दुसऱ्याच्या दारी जाईन, अन् तेथ कोनाले तरी चावन. मंग?"

शिकवण आठवली हे खरे, पण मला थांबवले ते या पोराच्या बोलण्याने. नोकरीतल्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते. चावलेले कुत्रे दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचे असते. त्याला रेबीज असेल तर तेवढ्या दिवसांत लक्षणे दिसतात आणि ते मरते. त्याला सोडून दिले म्हणजे आपण आपलाच पुरावा फेकून देतो आणि धोका दुसऱ्याच्या लेकरावर ढकलतो. ऑटो मागे फिरवला. दहा दिवस मोजले. टॉबीला काही झाले नाही.

त्यानंतर घराला नियम घातले. तो खात असताना कुणी जवळ जायचे नाही. झोपेतून हात लावून उठवायचे नाही. नातवाने मोठे माणूस असल्याशिवाय त्याच्याजवळ जायचे नाही. सकाळ-संध्याकाळ पट्टा लावून फिरवायचे. रेबीजची लस, जंताचे औषध आणि तब्येत सुधारल्यावर नसबंदी. पहिल्या तीन महिन्यांत पेन्शनमधून सहा-सात हजार रुपये गेले, हेही सांगून ठेवतो. पाळणे फुकट होत नाही. ज्याची ऐपत नाही त्याने पाळले नाही तर तो वाईट माणूस ठरत नाही. पण पाळून अर्ध्यावर टाकणारा मात्र अपराधी आहे.

अपराधी हा शब्द मी रागाने वापरत नाही. १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. त्याच्या ११ व्या कलमात पाळलेल्या प्राण्याला अन्न, पाणी, निवारा न देणे, फार आखूड किंवा जड साखळीने बराच काळ बांधून ठेवणे, सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, उपासमार होईल असे सोडून देणे, हे सगळे गुन्हे आहेत. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. एवढ्यात दोन चहासुद्धा जेमतेम येतात. प्राण्याला ठार मारणे, पंगू करणे याला मात्र १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५ व्या कलमात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आणि प्राणिमात्रांविषयी दयाभाव हे आपल्या संविधानातले मूलभूत कर्तव्य आहे. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ते ५१ (क) कलमात आले.

आता मोकाट कुत्र्यांचा प्रश्न. मी नोकरीला लागलो तेव्हा एका गावात कुचल्याचे लाडू टाकताना पाहिले आहेत. ते मरण पाहवत नाही. अंग धनुष्यासारखे ताठते. आणि फायदा काय? दोन वर्षांत तेवढीच कुत्री परत. उकिरडा तसाच राहिला की रिकाम्या जागेवर दुसरी येतात आणि पिल्ले जगतात. म्हणून २००१ च्या नियमांनी मार्ग बदलला. पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या, त्याच जागी सोडा. २०२३ च्या नव्या नियमांनीही तोच मार्ग ठेवला. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री सोडून बाकीच्यांना नसबंदी-लसीनंतर परत सोडायला सांगितले. ज्यांना कुत्रे दत्तक घ्यायचे आहे त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, आणि ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी त्यांचीच, असेही सांगितले. पुढे ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वे स्टेशन अशा जागांवरून कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. लेकरांची भीती आणि मुक्या जिवाची कणव, दोन्ही खऱ्या आहेत. एक खरी म्हणून दुसरी खोटी ठरत नाही.

जातककथांत कुक्कुर जातक आहे. राजाच्या रथाची चामडी वादी कुत्र्यांनी खाल्ली. राजाने हुकूम सोडला, दिसेल ते कुत्रे मारा. मात्र राजवाड्यातली पाळीव कुत्री वगळली. त्या जन्मी बोधिसत्त्व स्मशानातल्या कुत्र्यांचा म्होरक्या होता. तो राजासमोर गेला आणि वाड्यातल्या कुत्र्यांना ताकात दर्भ कालवून पाजायला लावले. वाड्यातल्या कुत्र्यांनीच चामडे ओकले. चोर घरातलेच होते, मरत होती बाहेरची. आजही रस्त्यावर फिरणाऱ्यांत काही कुणीतरी हौसेने आणून टाकलेली असतात, नाहीतर त्यांचीच पिल्ले. आधी आपल्या वाड्यात पाहावे, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

माझ्या काही विनंत्या आहेत. कुत्रे पाळायचेच तर विकत घेऊ नका, आपल्याच गल्लीतले देशी घ्या. टाटांसारख्या माणसाच्या बॉम्बे हाऊसमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांना जागा होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये रतन टाटांच्या अंत्यदर्शनाला 'गोवा' नावाचे त्यांचे कुत्रे आणले गेले, ते असेच रस्त्यावरून आणलेले. दुसरे, खरकटे उघड्यावर टाकू नका. तिसरे, कुत्रे चावले तर तिखट, चुना, हळद लावू नका, मंत्र-गंडा करू नका. साबण आणि वाहते पाणी पंधरा मिनिटे, मग लगेच सरकारी दवाखाना. लस तिथे मोफत आहे. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस कधीच गेले, आता दंडात किंवा कातडीत देतात. दिलेली एकही तारीख चुकवू नका, कारण रेबीजची लक्षणे दिसल्यावर माणूस सहसा वाचत नाही. चौथे, विहार समितीने महापालिकेकडे अर्ज करून आपल्या ले-आऊटमधल्या कुत्र्यांची नसबंदी-लस करून घ्यावी. अर्ज मी लिहून देतो.

टॉबीच्या मानेभोवती केस परत आले नाहीत. दोरीची खूण कायम राहणार. मी त्याच्या गळ्यात पट्टा घालत नाही, छातीवरून जाणारा घालतो. माय आता फार चालत नाही. संध्याकाळी ओट्यावर बसते. टॉबी तिच्या खाटेखाली येऊन पडतो. परवा शेजारची बाई तिला म्हणाली, "आजी, कुत्र्याचा विटाळ नाही काय वाटत?" माय म्हणाली, "विटाळ लय पाह्यला बाई म्या. तो मानसाच्या डोक्यात राह्यते. ह्या मुक्याच्या अंगात नसते."

यापेक्षा मला जास्त बोलता येणार नाही. 

नमो बुद्धाय! जयभीम!